डॉक्टर ‘आता नको’ म्हणतात तेव्हा

नोव्हेंबर २०२४ मध्ये नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्रकारांसमोर सांगितलं, की त्यांच्या पत्नीचा चौथ्या टप्प्यातला कॅन्सर हळद, कडुनिंब, लिंबूपाणी आणि उपवासाच्या पथ्याने हटला. लगोलग टाटा मेमोरियलच्या आजी-माजी २६२ कॅन्सरतज्ज्ञांनी सह्यांचं पत्रक काढलं: याला पुरावा नाही, असल्या गोष्टींच्या नादी लागून उपचार लांबवू नका. पुढे सिद्धूंनीही खुलासा केला, की पथ्य डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि उपचारांच्या जोडीने होतं. विषय तिथे संपायला हवा होता. आमच्या भावकीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर तो तिथून सुरू झाला. एका बाजूचं म्हणणं, केमो हा धंदा आहे आणि डॉक्टर दलाल आहेत. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, डॉक्टर देव आहेत, तोंड बंद ठेवा. दोन्ही बाजू तावातावाने भांडत होत्या आणि गंमत म्हणजे दोघांच्याही डोळ्यांसमोर एकच डॉक्टर होता: केमो देणारा. केमो न देणारा डॉक्टर या भांडणात कुणालाच आठवला नाही.

मला बोलायचं आहे ते त्याच्याबद्दल. शरीरभर पसरलेल्या किंवा उलटलेल्या कॅन्सरमध्ये डॉक्टरच्या निर्णयामागे घरच्यांनी उभं राहायला हवं असं माझं मत आहे, आणि त्याची सर्वांत जास्त गरज तो ‘आता नको’ म्हणतो तेव्हा असते. आपण नेमके उलटे वागतो. ‘केमोची अजून एक सायकल देऊन बघू’ म्हणणारा देवमाणूस. ‘थांबू या’ म्हणणाऱ्याने ‘हात वर केले’. हे दोन शेरेच एखाद्या चांगल्या डॉक्टरला वाईट निर्णयाकडे ढकलायला पुरतात. मी डॉक्टर नाही. हयात पतसंस्थेच्या कर्जखात्यात गेली. आमच्याकडे बुडीत जाऊ घातलेल्या कर्जदाराला नवं कर्ज देऊन त्यातून जुनं फेडून घेतात, खातं कागदावर चालू दिसतं, याला ‘नवं-जुनं करणं’ म्हणतात. त्यात सगळे खूश असतात, फक्त कर्जदाराच्या डोक्यावरचा बोजा वाढत जातो. कॅन्सरच्या वॉर्डात मी हेच होताना पाहिलं आहे, आणि ते डॉक्टरच्या नव्हे, आमच्या हट्टाने झालं.

२०१८ साली माझ्या मामांचा गालाचा कॅन्सर उलटला. ऑपरेशन झालेलं, शेक (रेडिएशन) घेऊन झालेला, सहा महिन्यांत मानेत नवी गाठ. तपासणारा डॉक्टर तरुण होता. त्याने फाइल बाजूला ठेवून मामांनाच विचारलं: आंघोळ-पांघोळ स्वतःची स्वतः करता का? दिवसातला किती वेळ अंथरुणात असता? पँट किती सैल झाली? तेव्हा आम्हाला हे वेळकाढूपणाचं वाटलं. कॅन्सरच्या डॉक्टरांची शून्य ते चारची मोजपट्टी याच प्रश्नांवर चालते आणि शरीर केमो सोसेल की नाही याचा अंदाज त्यावरून बांधतात, हे खूप नंतर कळलं. शेवटी तो म्हणाला, सलाईनमधली केमो यांना झेपणार नाही, गोळ्या देतो. एक गोळी आठवड्यातून एकदा, दुसरी रोज दोनदा. बाहेर आल्यावर मामेभाऊ एवढंच बोलला, “गोळ्या? म्हणजे सोडून दिलं.” गावी मेडिकलवाल्याने चिठ्ठी वाचून विचारलं, “ही तर संधिवाताची औषधं, मामांचे गुडघे दुखतात का?” झालं. त्या रात्रीच ठरलं, की अर्धा एकर गहाण टाकायचा आणि मामांना मोठ्या खाजगी रुग्णालयात न्यायचं. तिथे आम्ही मागितलेलं सगळं मिळालं. तीन सायकल झाल्या, रक्तातल्या पेशी कोसळल्या, अकरा दिवस आयसीयू. मामा गेले तेव्हा तोंडात नळी होती. त्यांना काय म्हणायचं होतं ते कुणाला कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्याआधी नळी नव्हती तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं.

दोन वर्षांनी टाटा मेमोरियलचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तोंड-घशाचा, बरा होण्यापलीकडे गेलेला कॅन्सर असलेले ४२२ रुग्ण. निम्म्यांना दर तीन आठवड्यांनी शिरेतून सिस्प्लाटिन, निम्म्यांना मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिबच्या गोळ्या. म्हणजे तीच ती संधिवाताची औषधं. सलाईनवाल्या गटाचं मध्यक आयुष्य (निम्मे याच्या आत गेले, निम्मे याहून जास्त जगले) ६.१ महिने, गोळ्यावाल्यांचं ७.५. तीव्र दुष्परिणाम गोळ्यांच्या गटात कमी. दीड महिना हा काही चमत्कार नाही, आणि मामांना गोळ्या लागू पडल्याच असत्या असंही नाही. एका माणसाबद्दल सरासरी काही सांगत नसते. पण ज्याला आम्ही ‘सोडून दिलं’ म्हणालो तो त्या डॉक्टरच्या पोतडीतला सर्वांत चांगला उपाय होता. आम्ही उपचाराची किंमत सुईच्या जाडीवरून ठरवली.

आता समोरच्यांचे आक्षेप. पैशाचा आक्षेप खोटा नाही, तो मी झटकणार नाही. रुग्णालयाचं उत्पन्न ‘केलेल्या’ गोष्टींवर चालतं. सलाईनचं बिल होतं, स्कॅनचं होतं, खाटेचं होतं. रुग्णाच्या बायकोला शेजारी बसवून पाऊण तास सगळं समजावून सांगण्याचं बिल होत नाही. पण हाच तर्क शेवटपर्यंत न्या की! पैशाचाच संशय घ्यायचा तर तो कुणाचा घ्याल, ‘करू या’ म्हणणाऱ्याचा की ‘नको’ म्हणणाऱ्याचा? जो डॉक्टर लाखाचं बिल सोडून पाचशेच्या गोळ्या लिहितो, तो लुटारूंच्या यादीत कसा बसतो? उलट्या दिशेचा संशय मात्र मला रास्त वाटतो: माणूस गरीब आहे, खाट नाही, म्हणून तर ‘नको’ म्हणत नाहीत ना? हा प्रश्न तोंडावर विचारावा. “साहेब, पैसे असते तर हाच सल्ला दिला असता का?” चांगला डॉक्टर चिडत नाही. परवडत नाही म्हणून विषय मिटवायचा नसतो, हे आपल्याच डॉक्टरांनी दाखवलं आहे. निवोलुमॅब हे महागडं इम्युनोथेरपीचं (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं) औषध टाटातल्या डॉक्टरांनी नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, म्हणजे फक्त २० मिलिग्रॅम, गोळ्यांच्या जोडीला देऊन पाहिलं. वर्षभरानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण शंभरात सोळावरून त्रेचाळीसवर गेलं. २०२३ मध्ये हे निष्कर्ष आले. ‘नको’ म्हणायला शिकलेल्या विभागातूनच ही ‘करू या’ची वाट निघाली आहे.

दुसरा आक्षेप: डॉक्टरांचा अंदाज चुकतो. चुकतोच. शिकागोत ४६८ मरणपंथाला लागलेल्या रुग्णांबद्दल ३४३ डॉक्टरांना विचारलं होतं, हा माणूस किती जगेल? २००० साली निष्कर्ष छापून आले. बरोबर अंदाज फक्त वीस टक्के. पण चूक कोणत्या बाजूला झाली ते पाहा. ६३ टक्के अंदाज आशावादी होते. सरासरीने डॉक्टरांनी प्रत्यक्षापेक्षा पाचपट आयुष्य सांगितलं होतं. शिवाय रुग्णाशी ओळख जितकी जुनी, तितका अंदाज जास्त चुकलेला. म्हणजे ‘डॉक्टर उगाच घाबरवतात’ ही आपली तक्रार उफराटी आहे. ते आपल्यात गुंतलेले असतात म्हणून चुकतात. असा माणूस जड जिभेने ‘थांबू या’ म्हणतो, तेव्हा तो घाईने बोलत असण्याची शक्यता फारच कमी.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जड आहे, आणि तो चमत्काराचा आहे. ‘अमक्याला दोन महिने सांगितले होते, दहा वर्षं जगला.’ अशी माणसं खरंच असतात. जिमी कार्टर हे त्यातलं जगजाहीर उदाहरण. २०१५ च्या ऑगस्टमध्ये, नव्वदी ओलांडलेल्या या माजी अमेरिकी अध्यक्षांनी सांगितलं की मेलानोमा हा त्वचेचा कॅन्सर मेंदूपर्यंत पोहोचला आहे. शेक आणि पेंब्रोलिझुमॅब हे तेव्हा नवं असलेलं औषध घेऊन डिसेंबरात स्कॅन कोरा आला. तेव्हा थांबले असते तर? बरोबर आहे. पण त्यांना ते औषध नातेवाइकांच्या हट्टाने मिळालं नव्हतं. डॉक्टरांनी त्या आजारावर त्याचा पुरावा पाहूनच दिलं. आणि कार्टरांची गोष्ट आपण अर्धीच सांगतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये याच माणसाने जाहीर केलं, की आता रुग्णालयाच्या फेऱ्या बंद, उरलेले दिवस घरी, फक्त आराम देणारी शुश्रूषा. तेव्हाही लोक म्हणाले, संपलं. ते त्यानंतर जवळपास दोन वर्षं जगले, बायकोला शेवटचा निरोप दिला, मतदान केलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये शंभर पुरे करून गेले. एकाच आयुष्यात ‘करू या’ आणि ‘पुरे’ दोन्ही होतं, आणि दोन्ही वेळा तोल सांभाळलेला होता.

‘जास्त म्हणजे चांगलं’ या समजुतीने काय होतं, याचा धडा अमेरिकेने फार महाग शिकला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरवर प्रचंड मात्रेची केमो आणि पाठोपाठ अस्थिमज्जा प्रत्यारोपण, हा उपाय गाजत होता. पुरावा तोकडा होता, पण तर्क बिनतोड वाटायचा: थोड्या औषधाने गाठ थोडी विरघळते, तर खूप औषधाने पूर्ण विरघळेल. कॅलिफोर्नियातल्या नेलीन फॉक्स यांना विमा कंपनीने पैसे नाकारले. त्यांनी वर्गणी काढून उपचार घेतले आणि १९९३ मध्ये त्या वारल्या. त्याच वर्षाअखेर ज्यूरीने कंपनीला आठ कोटी नव्वद लाख डॉलर भरायला लावले. लोकांचा संताप मला समजतो. नफ्यासाठी ‘नाही’ म्हणणाऱ्या कंपनीबद्दल मलाही कळवळा नाही. पण त्या निकालानंतर नकार द्यायची छातीच कुणाला उरली नाही, आणि हजारो बायकांनी स्वतःला त्या भट्टीत झोकून दिलं. नीट तुलना करणारे अभ्यास १९९९ मध्ये एकत्र समोर आले, तेव्हा फायदा दिसेना. फायदा दाखवणारा एकमेव अभ्यास दक्षिण आफ्रिकेतल्या एका डॉक्टरचा होता, तो पुढच्याच वर्षी बनावट निघाला. न्यायालयाने, वर्तमानपत्रांनी आणि नातेवाइकांनी मिळून जो निर्णय घेतला होता, तो शास्त्राने रद्द केला, पण त्याआधी गेलेल्यांना त्याचा काय उपयोग?

आपल्याकडच्या घराघरांतला याचा अवतार म्हणजे, ‘ती गाठ आधी कापून टाका ना!’ स्तनाचा कॅन्सर निदानाच्या वेळीच हाडांत-फुप्फुसांत पोचलेला असला तरी नातेवाइकांना मूळ गाठ डोळ्यांत खुपते. मुळावर घाव घातला की झाड वाळतं, हे शेतातलं शहाणपण. डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी परळच्या टाटात अशा ३५० बायकांवर ही समजूत तपासली. केमोला प्रतिसाद दिलेल्यांपैकी निम्म्यांची गाठ शस्त्रक्रियेने आणि शेक देऊन काढली, निम्म्यांची तशीच ठेवून बाकी उपचार केले. २०१५ मध्ये निष्कर्ष आला: शस्त्रक्रिया झालेल्यांचं मध्यक आयुष्य १९.२ महिने, न झालेल्यांचं २०.५. म्हणजे कापण्याने आयुष्याचा एक दिवसही पदरात पडला नाही. आता अशा बाईला ‘ऑपरेशन नको’ सांगणाऱ्या सर्जनला आपण काय म्हणतो? ‘घाबरला. दुसरा बघू.’ आणि दुसरा मिळतोच.

इथे ‘डॉक्टर देव आहेत’वाले टाळ्या वाजवत असतील तर त्यांनी हात थांबवावेत. डॉक्टरच्या निर्णयामागे उभं राहणं आणि रुग्णाच्या पाठीमागे डॉक्टरशी संगनमत करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपल्याकडे ‘टाटाला नेलंय’ एवढं म्हटलं की गावाला आजार कळतो. कळत नाही ते फक्त ज्याला नेलंय त्याला. ‘पेशंटला सांगू नका’ ही चिठ्ठी आम्हीही केसपेपरच्या आत सरकवली होती. मामा इमारतीवरची पाटी वाचू शकत होते, सातवी पास होते, तरी आम्ही महिनाभर ‘सूज आहे’ म्हणत राहिलो. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे, की सज्ञान, शुद्धीवर येऊ शकणाऱ्या रुग्णाऐवजी तिच्या आईची संमती चालत नाही. न सांगता घेतलेल्या निर्णयाला पाठिंबा तरी कशाचा द्यायचा? आणि हा केवळ आपल्या भोळेपणाचा दोष नाही. सगळं सांगण्याची पद्धत असलेल्या अमेरिकेतही, पसरलेल्या कॅन्सरवर केमो घेणाऱ्या ११९३ जणांना २०१२ च्या एका अभ्यासात विचारलं, तर फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ६९ टक्के आणि आतड्याच्या ८१ टक्के रुग्णांना हेच उमगलेलं नव्हतं, की ही केमो आजार बरा करण्याची शक्यता नाही. कशासाठी चाललंय हेच माहीत नसताना ‘अजून लढायचंय’ हा होकार कसला?

माझ्या दृष्टीने वाटणी सरळ आहे. हे औषध या शरीरावर काम करेल का, हे डॉक्टरचं क्षेत्र. तिथे आपलं गूगल खिशात ठेवावं. उरलेला काळ कशासाठी हवा, हे रुग्णाचं क्षेत्र. तिथे डॉक्टरनेही गप्प बसून ऐकावं. नातेवाइकांचं क्षेत्र या दोघांना एका खोलीत बसवण्याचं. मोठ्या केंद्रांत सर्जन, केमोवाला आणि शेकवाला एकत्र बसून एकेका फाइलवर निर्णय घेतात, त्याला ट्यूमर बोर्ड म्हणतात. ‘आमची केस बोर्डापुढे गेली का?’ हा प्रश्न दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या मतासाठी गावोगाव फिरण्यापेक्षा जास्त कामाचा.

‘थांबू या’ला आपण घाबरतो याचं एक कारण असंही, की थांबल्यावर पुढे काय ते कुणी दाखवत नाही. बोस्टनमध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना पहिल्यापासून वेदना-शुश्रूषेच्या पथकाशी जोडून दिलं. २०१० मध्ये छापलेल्या निष्कर्षांत त्यांनी शेवटी शेवटी आक्रमक उपचार कमी घेतले, आणि तरी ते जास्त जगले: ८.९ च्या ऐवजी ११.६ महिने. त्या पथकाने कॅन्सरवर बोटही ठेवलं नव्हतं. दुखणं, झोप, मळमळ, भीती, एवढंच पाहिलं होतं. आपल्याकडे वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, तरी तालुक्याच्या गावात मॉर्फिनची गोळी मिळणं आजही नशिबाचा भाग. मॉर्फिन ज्या अफूपासून बनतं ती मध्य प्रदेशात मंदसौर-नीमचला सरकारी परवान्याने पिकते आणि चारशे-पाचशे किलोमीटरवर माणूस पॅरासिटामॉल खाऊन ओरडत असतो. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याने परवान्यांचा जो गुंता केला तो २०१४ च्या दुरुस्तीने बराच सुटला; डोक्यातला सुटलेला नाही. मॉर्फिनचं नाव काढल्यावर माझा मामेभाऊ म्हणाला होता, “सवय लागेल.” दीड महिन्याच्या सोबत्याला!

आणि थांबणं आपल्या मातीला परकं आहे असंही कुणी सांगू नये. नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर विनोबांनी पवनारला अन्न, पाणी, औषध तिन्ही नाकारलं. डॉक्टर विनवत होते, पंतप्रधान येऊन भेटून गेल्या, ते बधले नाहीत. महाराष्ट्राने त्यांना ‘लढाई सोडली’ म्हटलं नाही. उपवास आणि केमो थांबवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मला ठाऊक आहे. माझा मुद्दा इतकाच की संताला दिलेली मुभा आपण मामाला देत नाही.

कायद्याची भीतीही बरीचशी हवेतली. केमो थांबवायला कुठल्या न्यायालयाची परवानगी लागत नाही. तो नेहमीचा वैद्यकीय निर्णय आहे. अरुणा शानबाग प्रकरणापासून जी चर्चा आपण ऐकतो ती जीवरक्षक यंत्रं काढण्याबद्दलची. त्यासाठी आपली इच्छा आधीच लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केला आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं असं पत्र करून गोव्यात पायंडा पाडला.

त्यांचं वाचून मीही केलं. नोटरीने कागद उलटसुलट केला आणि विचारलं, “मिळकतीचा तपशील कुठाय?” हे मृत्युपत्र नव्हे हे त्याला समजवेपर्यंत चहा आला. मुलगा शेजारी बसून वाचत होता; माझ्या वतीने बोलायचा अधिकार त्यालाच दिला आहे. यंत्रांबद्दलचा मजकूर त्याने वाचला, मग केमोबद्दलचं वाक्य मोठ्याने वाचलं: डॉक्टर नको म्हणाले तर मला घेऊन गावोगाव फिरू नये. “हे ठीक आहे,” तो म्हणाला, “पण डॉक्टर हो म्हणाले आणि तुम्ही नको म्हणालात तर?” ते मी लिहिलंच नव्हतं. नोटरीकडून पेन मागून घेतलं, समासात आणखी एक ओळ घातली, आणि त्याने तिच्या शेजारी वेगळा शिक्का मारून त्याचे वेगळे पन्नास रुपये घेतले.